मामाची जागा

निमगाव केतकीच्या चिंतामण मास्तरांना बसलेलं कुणी फारसं पाहिलेलं नाही. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, एस.टी.तले. आमच्याकडं कंडक्टरला मास्तरच म्हणतात. इंदापूर-बारामती रस्त्यावर त्यांनी डोक्याचे केस पांढरे होईस्तोवर तिकिटं फाडली, मशीन आल्यावर मशीनमधून काढली, आणि गेल्या साली रिटायर झाले. दाराशेजारची कंडक्टरची शीट एवढी वर्षं त्यांच्या हक्काची होती. तिच्यावर कायम दुसरंच कुणीतरी बसलेलं असायचं. अंथुर्ण्यात एखादी म्हातारी चढली, तिला द्या. लासुर्ण्यात पोटुशी बाई चढली, म्हातारीला आत सरकवून हिला द्या. भवानीनगरला कुणी दवाखान्याला निघालेला चढला की त्याला टेकायला जागा करा. काटेवाडी येईस्तोवर मास्तर दाराच्या पायरीवर आलेले असायचे.

बरं, हे गाडीपुरतं असतं तरी चाललं असतं. लग्नात पंगतीला बसले आणि मागं कुणी ताटकळलेलं दिसलं की हे भाताला हात लावायच्या आधी उठणार. एकदा अंगात सणसणून ताप होता म्हणून बायकोनं, सारजाबाईंनी, त्यांना बारामतीच्या दवाखान्यात धाडलं. तिथं एकेकाला आपला नंबर देत देत मास्तर शेवटाला गेले, डॉक्टर जेवायला गेले, आणि हे ताप घेऊन तसेच परत आले. रिटायर झाले त्या दिवशी डेपोत सत्कार ठेवला होता. स्टेजवर खुर्च्या मोजून मांडलेल्या. ऐनवेळी कुणीतरी जादा पाहुणा आला, तर सत्कारमूर्तीच उठून मागं जाऊन उभी राहिली. भाषणं झाली, मास्तरांच्या सेवेचं कौतुक झालं, मग हार घालायची वेळ आली तेव्हा खुर्चीवर भलताच माणूस. हार चार हातांतून मागं पोचवावा लागला.

लोक म्हणायचे, भला माणूस. सारजाबाईंना हे मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की भलेपणाला थोडा तरी विचार लागतो. ह्यांच्या समोर कुणी उभं राहिलं की ह्यांच्या बुडाला चटका बसतो, मग समोर आजारी माणूस आहे का धडधाकट गडी आहे, हे बघायचीही फुरसत नसते. मास्तरांना स्वतःलाही ते तसंच वाटत असावं.

मास्तरांना एकच बहीण, यशोदा, त्यांच्याहून पुष्कळ लहान. आईबाप लवकर गेले, त्यामुळं तिला वाढवलं मास्तरांनी, शिकवलं मास्तरांनी आणि काटेवाडीच्या रविराजला दिली तीही मास्तरांनीच. रविराज पतसंस्थेत नोकरीला, घरची थोडी शेती, दावणीला गाई. सगळं नीट होतं, फक्त पाळणा हलत नव्हता. बरीच वर्षं दवाखाने झाले, नवस झाले, मग लोकांनी विचारायचं सोडून दिलं. आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना गेल्या वर्षी यशोदाला मुलगी झाली. नाव ठेवलं श्रिया. पोरीला जन्मापासून एवढं दाट जावळ की सातव्या महिन्यातच केस डोळ्यांवर यायला लागले.

जावळ काढायचं ते मामाच्या मांडीवर. बाळाचे पहिले केस कात्रीला लागतात तेव्हा ते मामाच्या मांडीवर बसलेलं पाहिजे. बापाचं तिथं काही काम नसतं, मामाचं असतं. यशोदानं पोरगी पोटात असतानाच भावाला सांगून ठेवलं होतं, दादा, बाकी काय आणू नकोस, मांडी घेऊन ये. अकरावा महिना लागला, भटजींनी दिवस काढून दिला, सकाळची वेळ दिली. बारावा महिना चालत नाही, तेव्हा हा दिवस चुकवून भागणार नव्हतं.

त्यात मास्तरांची मुलगी उत्कर्षा. तिला नागपुरात नोकरी लागली, नेमकी त्याच सुमाराला. पोरीला अनोळखी गावात खोली बघून द्यायची, गॅस बसवून द्यायचा, म्हणून मास्तर तिच्यासोबत गेले. खोली मिळायला वेळ लागला आणि जावळ दुसऱ्या दिवसावर येऊन ठेपलं. तेव्हा उत्कर्षानं बापाला न विचारताच दुपारच्या विमानाचं तिकीट काढलं. नागपूर ते पुणे. संध्याकाळी पुण्यात, रात्री मुक्कामाला काटेवाडी, सकाळी पाटावर. सारजाबाई मामाकडचा आहेर घेऊन निमगावहून आदल्या दिवशीच काटेवाडीला पोचल्या होत्या. फक्त मामा पोचायचा होता.

मास्तर विमानतळावर एवढ्या लवकर गेले की त्यांचं विमान बोर्डावर लागलेलंही नव्हतं. डेपोची सवय. काउंटर उघडल्याबरोबर पहिला नंबर त्यांचा. तिथं प्रतिक्षा नावाची मुलगी बसलेली होती. मास्तरांचं बोलणं ऐकून तिनं विचारलं, काका, तुम्ही कुठले? निमगाव केतकी म्हटल्यावर पोरीचा चेहरा खुलला. ती वालचंदनगरची निघाली. म्हणजे आपल्याच इंदापूर तालुक्यातली. तिनं मास्तरांना न मागता खिडकीची जागा दिली. मास्तर तो बोर्डिंग पास शर्टाच्या खिशात घालून आत जाऊन बसले. मधेमधे खिसा चाचपून बघत होते. उद्या भाची मांडीवर बसेल तेव्हा रडेल का हसेल, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता.

विमानात चढायची वेळ झाली तशी तीच प्रतिक्षा दाराशी येऊन उभी राहिली. माणसं रांगेनं निघाली, आणि तेवढ्यात एक कोटवाले साहेब आले. त्यांच्याकडं तिकीट होतं, पण विमानात त्यांच्यासाठी जागा नव्हती. कंपनीनं जागांपेक्षा जास्त तिकिटं विकलेली. काही माणसं ऐनवेळी येत नाहीत, हा त्यात हिशेब असतो. त्या दिवशी सगळी आली होती.

मास्तरांना यात काही नवल वाटलं नाही. बाजाराच्या दिवशी त्यांच्या गाडीत जागांपेक्षा माणसं कायम जास्तच असायची. फरक एवढाच की गाडीत ती मावायची. विमानात उभं राहायची सोय नाही, असं त्यांना समजलं तेव्हा विमानाबद्दलचा त्यांचा आदर जरा कमी झाला.

साहेब मात्र तापले. त्यांनी मोबाइल काढून नियम वाचून दाखवायला सुरुवात केली. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तिकीट असून, वेळेत येऊन विमानात घेतलं नाही, तर कंपनीला भरपाई द्यावी लागते. तासाभरात दुसरं विमान दिलं तर सुटली. चोवीस तासांच्या आतलं दिलं तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या दुप्पट, त्याहून उशिराचं दिलं तर चौपट, वर ठरलेली मर्यादा. प्रतिक्षा म्हणाली, सर, मला माहीत आहे. पण त्याच नियमात असंही आहे की आधी आम्ही विचारायचं, कुणी आपल्या खुशीनं थांबायला तयार आहे का. तेवढं मला विचारू द्या. साहेब म्हणाले, विचारा, पण मी जाणार म्हणजे जाणार, पुण्यात माझी मीटिंग आहे.

प्रतिक्षानं माइक घेतला. एका प्रवाशाची गरज आहे, जो कुणी स्वखुशीनं थांबेल त्याला उद्या सकाळच्या विमानात जागा, राहायची-जेवायची सोय, पुढच्या प्रवासाला कूपन. मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं. कुणी वर बघेना. सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये गेल्या. साहेबांचा आवाज चढत चालला. पोरगी शांत बोलत होती, पण तिचं नाक लाल व्हायला लागलं होतं.

आता इथं नीट लक्ष द्या. मास्तरांच्या खिशात खिडकीची जागा होती. त्यांना कुणी उतरवत नव्हतं. भांडण साहेबांचं होतं, चूक कंपनीची होती, आणि मास्तरांना सकाळी बहिणीच्या दारात पोचायचं होतं. पण "कुणीतरी जरा उठा हो" असं भरल्या गाडीत म्हणायचं आणि एकानंही हलायचं नाही, तेव्हा म्हणणाऱ्याचं तोंड कसं होतं, हे त्या अख्ख्या गर्दीत एकट्या मास्तरांनाच ठाऊक होतं. त्यात पोरगी वालचंदनगरची. मास्तरांचा हात वर गेला. डोकं काटेवाडीला पोचायच्या आधीच हात वर पोचला होता.

प्रतिक्षा धावत आली. तिनं नीट विचारलं हो, तिचा काही दोष नाही. काका, नक्की ना? तुम्हाला उद्या काही काम नाही ना? अडचण असेल तर सांगा, मी दुसऱ्या कुणाला विचारते. मास्तर म्हणाले, "न्हाय न्हाय, मला कसली अडचण."

हे बोलले, आणि मग त्यांना जावळ आठवलं.

तोवर साहेब पुढं सरकले होते. चढताना कुणाकडं न बघता थँक्यू म्हणाले, ते बहुतेक मास्तरांना असावं. मास्तरांनी तोंड उघडलं. दिलेली जागा परत मागताना काय म्हणायचं, हे त्यांना आठवेना. आठवायला मुळात कधी येतच नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं. विमान गेलं.

घरी कळवणं भाग होतं. मास्तरांनी यशोदाला फोन लावला आणि म्हणाले, येसू, विमान फुल झालं गं. आता सकाळच्यानं निघतो, दुपारच्या आत पोचतो बघ. यात खोटं काहीच नव्हतं. विमान फुल झालंच होतं. पण यशोदा तिकडं भडकली. तिकीट काढलेल्या माणसाला उतरवतात म्हणजे काय, लाज वाटत न्हाय का त्यांना, साधा माणूस बघून माझ्या भावालाच बरा बाहेर काढला. मास्तर फोन कानाला धरून ऐकत होते. आता सांगावं, असं त्यांना एकदा वाटलं. पण ती भावाच्या बाजूनं एवढी पोटतिडकीनं बोलत होती की ते सुख मोडवेना. आणि बहीण आपल्यासाठी भांडतेय हे ऐकायला त्यांना बरंही वाटलं, हेही खरंच आहे.

पलीकडं फोनशेजारी सारजाबाई बसलेल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांना तेव्हाच कळलं होतं.

कंपनीनं मास्तरांना चांगल्या हॉटेलात उतरवलं. गादी एवढी मऊ होती की त्यांना धड झोप आली नाही. सकाळी विमानतळावर गेले तर बाहेर धुकं. थंडीचे दिवस. धुकं उठेना, विमान उडेना. यशोदाचे फोन यायला लागले. निघालास का? न्हाय अजून. आता? न्हाय. मग मास्तरांनी फोन उचलायचंच टाळलं.

काटेवाडीत त्या सकाळी काय झालं ते त्यांना पुढं कळलं. अंगणात रांगोळी घातली होती, पाट मांडला होता, गोकुळ न्हावी कात्री-वस्तरा घेऊन हजर, पाहुणे जमलेले. भटजींनी दिलेली वेळ झाली आणि टळली. यशोदाच्या सासूबाई, लीलाबाई, काही वाईट बाई नव्हेत. त्यांनी सोयीचंच सुचवलं. निमगावहून यशोदाचा चुलतभाऊ सुयोग आलेला होता, दुधाचं संकलन केंद्र चालवणारा, चांगला बायका-पोरांचा माणूस. सुयोग बी मामाच की, त्याच्या मांडीवर बसवू, असं त्यांचं म्हणणं. पाहुणेही म्हणाले, चालतंय, चुलत काय नि सख्खा काय. पण यशोदानं पोरगी कडेवरून खाली ठेवली नाही. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं की माझा भाऊ येणार, त्याला कंपनीनं उतरवलंय, त्यात त्याची काय चूक. वाट बघायची नसंल त्यांनी जेवून घ्या. सासूच्या तोंडावर असं ती आजवर कधी बोलली नव्हती. लीलाबाई चुलीकडं निघून गेल्या. लोक जेवले. श्रिया केसांसकट झोपी गेली.

मास्तर पुण्यात उतरले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. स्वारगेटला बारामतीची विनाथांबा मिळाली. तिच्यात उभं राहायला परवानगी नसते, म्हणून मास्तर नाइलाजानं बसले. बारामतीहून काटेवाडीला यायला एरवी काहीच वेळ लागत नाही, पण कारखान्यांचा हंगाम, रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक. मास्तर अंगणात शिरले तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं आणि गोकुळ न्हावी आवराआवर करत होता.

यशोदा पळत आली. पायावर पाणी घातलं, लेकीला पुढं केलं, म्हणाली बघ गं, आला तुझा मामा. मग मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आला का न्हाय माझा भाऊ? मास्तरांनी पोरीच्या डोळ्यांवरची झुलपं बाजूला केली. पोरगी त्यांच्याकडं बघून हसली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. पोचलो बाबा एकदाचे, असं त्यांना वाटलं. आता पाटावर बसायचं तेवढं राहिलं होतं.

पण आमच्या रविराजला दम कुठला. रविराजला तक्रारीचा नाद आहे. बिस्किटाच्या पुड्यात एक बिस्कीट कमी निघालं म्हणून त्यानं कंपनीकडून खोकंभर बिस्किटं आणवलेली आहेत. मेव्हण्याला विमानातनं उतरवलं हे ऐकल्यापासून तो सकाळभर मोबाइलवर नियम वाचत होता, आणि आज घरात जे काही बिनसलं होतं त्याचा सगळा राग त्याला त्या कंपनीवर काढायचा होता. गोकुळ कात्री पुसत होता, तेवढ्यात रविराज समोर खुर्ची ओढून बसला. मास्तरांना म्हणाला, दादा, ह्येला सोडायचं न्हाय. चोवीस तासांच्या आतलं विमान दिलंय, म्हणजे भाड्याच्या दुप्पट निघतात. मी बघतो सगळं. तुमी फक्त एक सांगा.

"तुमाला त्यांनी काढलं, का तुमी आपणहून उठलात?"

मास्तर म्हणाले, "म्हंजे?"

रविराज म्हणाला की काही नाही, नियमात तसं विचारलंय. जो आपल्या खुशीनं थांबतो त्याला ही भरपाई लागू होत नाही. त्याला कंपनीनं जे कबूल केलं असेल तेवढंच. तुमचं तसं न्हायच म्हणा. पण तुमच्या तोंडून आलेलं बरं.

पाहुणे कान देऊन होते. लीलाबाई दारात आलेल्या. मास्तरांनी सारजाबाईंकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घालून आहेराच्या घड्या पुन्हा घालायला घेतल्या. काढलं, असा एक शब्द म्हटला असता तर सगळं निभावून गेलं असतं. कंपनीला दोन शिव्या जास्त पडल्या असत्या, त्या कंपनीला पचल्या असत्या. पण मग त्या वालचंदनगरच्या पोरीला कुणीतरी जाब विचारणार, हे मास्तरांच्या मनात आलं. आणि यशोदासमोर उभं राहून धडधडीत खोटं बोलायचं म्हणजे, ते त्यांना जमलं नसतं.

"उठलो," मास्तर म्हणाले.

रविराजनं मोबाइल खाली ठेवला. यशोदा पोरीला कडेवर घेऊन तिथंच उभी होती. दिवसभर ज्यांच्याशी भांडली ते सगळे तिच्याकडं बघत होते. ती जराही आवाज न चढवता बोलली.

"दादा, मी कॉलेजला तुझ्या गाडीनं जायची. पोरी म्हणायच्या, मास्तरची भन हाय, हिला काय, रोज जागा मिळत असंल. मी एक दिस बसून गेले न्हाय. गाडी भरली की तू पयलं मलाच उठवायचास. परीक्षेच्या दिवशी बी उठवलंस. मी कधी बोलले न्हाय. म्हणलं, असू दे, म्हातारं माणूस हाय, लेकुरवाळी हाय." ती थांबली. "काल कुणासाठी उठलास?"

मास्तर म्हणाले, "एक सायब व्हते."

"त्यांचं काय व्हतं?"

"मिटिंग."

यशोदानं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं पुसलं नाही. "मी आज माझ्या सासूला उलटून बोलले," ती म्हणाली. मग तिनं सुयोगला हाक मारली आणि सांगितलं, बस बाबा पाटावर, दिवस मावळायला आला.

सुयोग गोंधळला. त्यानं मास्तरांकडं पाहिलं, यशोदाकडं पाहिलं. लीलाबाई म्हणाल्या, बस की. तो चपला काढून पाटावर जाऊन बसला. यशोदानं पोरगी त्याच्या मांडीत दिली. सुयोग तसा सवयीचा बाप, त्यानं तिला बरोबर धरली. गोकुळनं वाटीतलं पाणी हातावर घेऊन पोरीच्या डोक्याला लावलं. केस ओले झाल्यावर पोरीचं तोंड एवढंसं दिसायला लागलं. मास्तर उभे होते, नेहमीसारखे, कडेला, कुणाला आपली आडकाठी होणार नाही अशा बेतानं. आयुष्यभर ते असेच उभे राहिले होते आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. आता मात्र वाटलं. त्या पाटावर त्यांची जागा होती आणि तिथं दुसरा माणूस बसला होता, आणि ती जागा काल त्यांनी स्वतःच, एका साहेबाच्या मिटिंगपायी, देऊन टाकली होती.

गोकुळनं कात्री उचलली.

"सुयोग, ऊठ," मास्तर म्हणाले.

आवाज असा आला की गोकुळचा हात जागच्या जागी राहिला. मास्तरांना कुणाला ऊठ म्हणताना लोकांनी पुष्कळदा ऐकलं होतं, पण ते कायम दुसऱ्या कुणासाठी. सुयोग म्हणाला, दादा, आता बसलोय तर होऊन जाऊ दे की.

"ऊठ," मास्तर म्हणाले. "माझी जागा हाय ती."

सुयोगनं यशोदाकडं बघितलं. यशोदा हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. सुयोग उठला. मास्तर चपला काढून पाटावर बसले. त्यांना मांडी नीट घालता येईना, बसायची सवय नव्हती. एक गुडघा वर राहिला तो त्यांनी हातानं खाली दाबला. यशोदा जरा वेळ तशीच उभी राहिली. मग पुढं आली आणि तिनं सुयोगकडची पोरगी घेऊन भावाच्या मांडीवर ठेवली.

कात्री चालली. पहिली बट पडली तशी श्रियानं भोकाड पसरलं. मास्तरांनी तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. अर्धं डोकं झालं असेल नसेल, तोच पोरीनं त्यांच्या मांडीवर सू केली. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला झाला. पाहुणे हसले. लीलाबाई म्हणाल्या, पाव्हणं, उठा जरा, पायजमा बदलून घ्या, तवर सुयोग धरील तिला.

मास्तर उठले नाहीत.